कॉक्स, मयत आणि ‘आपण’

या लेखातले दोघेही कल्पित आहेत, वाद मात्र खरा आहे. मामा म्हणजे तालुक्याच्या गावात जन्मभर प्रॅक्टिस करून निवृत्त झालेले फिजिशियन. भाची पुण्यात मानसशास्त्र शिकवते. ती त्यांना ‘ए मामा’ अशी हाक मारते, आणि मामांचा स्वतःचा मुलगा त्यांना ‘अहो बाबा’ म्हणतो. जुन्या घरांतून अजूनही असंच चालतं. वडिलांना ‘अहो’, मामाला ‘ए’.

वाचकाला वाटेल की पुस्तकं वाचलेली भाची भाषेच्या सामर्थ्याचे गोडवे गाणार आणि अनुभवी डॉक्टर ‘शब्दांत काय ठेवलंय?’ म्हणून तिला उडवून लावणार. मी त्यांना मुद्दाम उलट बाजूंना बसवलं आहे. माझ्या पाहण्यात असं आलं आहे की शब्दांवर गाढ विश्वास असतो तो ते रोज जपून वापरावे लागणाऱ्यांचा, आणि संशय असतो तो अभ्यासकांना. विषय एवढाच : समोरचं माणूस, दुखणं किंवा मरण आपल्याला जवळचं वाटतं की लांबचं, हे भाषा ठरवते का?

मामा : आमच्या राउंडला खाटेपाशी उभं राहून कोणी ‘टीबी’ म्हणायचं नाही. ‘कॉक्स’ म्हणायचं. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधला, आणि त्यांचं नाव आम्ही असं कामाला लावलं. ‘ओल्ड कॉक्स’, ‘ॲबडॉमिनल कॉक्स’. कॅन्सरला ‘मिटॉटिक’. पेशंट आमच्या तोंडाकडे बघतोय, त्याची बायको बघतेय, आणि आम्ही त्यांच्या डोक्यावरून बोलतोय. तू म्हणशील, लपवाछपवी. होतीच. पण खरं सांगू? ती पेशंटसाठी जेवढी होती तेवढीच आमच्यासाठी. ‘तुमच्या आईला कॅन्सर आहे’ हे वाक्य एका सकाळीत तीन वेगवेगळ्या घरांना मराठीतून सांगून बघ. इंग्रजी हा आमचा हातमोजा होता.

भाची : तुझ्या बाजूचा पुरावा मीच देते, म्हणजे नंतर तो काढून घ्यायला सोपा जाईल. एक प्रश्न आहे, १९८१ मध्ये ट्वर्स्की आणि कानमन यांनी मांडलेला. साथ आलीय, ६०० माणसं दगावणार. एका योजनेनं २०० नक्की वाचतील. दुसरीत एक-तृतीयांश शक्यता अशी की सगळे वाचतील, आणि दोन-तृतीयांश अशी की कोणीच नाही. बहुतेक लोक पहिली घेतात. आता तीच पहिली योजना ‘४०० नक्की मरतील’ अशा शब्दांत सांग. लोक जुगाराकडे वळतात. आकडे तेच.

मामा : हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं, तरी माहीत होतं. नातेवाइकाला ‘शंभरात दहा दगावतात’ असं सांगायचं की ‘नव्वद बरे होतात’, ते त्याचा चेहरा बघून ठरवायचं.

भाची : २०१२ मध्ये शिकागोच्या बोआझ कायझार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न लोकांना मोठेपणी शिकलेल्या परभाषेत विचारला. मांडणी बदलल्यानं पडणारा फरक जवळपास नाहीसा झाला. मग २०१४ मध्ये आल्बर्ट कोस्टा आणि मंडळींनी तो पुलावरचा प्रसंग घेतला. ट्रॉली पाच माणसांच्या अंगावर चाललीय, पुलावर तुझ्याशेजारी एक जाडा माणूस उभा आहे, त्याला ढकललं तर ट्रॉली अडेल. मायबोलीत विचारलं तर साधारण २० टक्के लोक ढकलायला तयार. परभाषेत ३३ टक्के.

मामा : म्हणजे परभाषेत माणूस शहाणा होतो?

भाची : तसं वाटलं होतं आधी. पण २०१७ मध्ये सायुरी हायाकावा आणि त्याच गटानं जे तपासलं त्यातून दिसलं की लोक परभाषेत जास्त विचार करत नाहीत, कमी हळहळतात. आणि गंमत बघ : त्याच प्रसंगाचा सौम्य प्रकार असतो, ज्यात माणसाला ढकलायचं नाही, नुसता खटका दाबून रूळ बदलायचा. तिथे भाषेनं काही फरक पडला नाही.

मामा : मग झालं की! हात लावायची वेळ आली तरच हातमोजा लागतो.

भाची : एवढ्यात टाळी घेऊ नकोस. त्या पुलावरून कोणी पडलेलं नाही. कागदावरचा माणूस कागदावरच ढकललाय. आणि दुसरं, हा परिणाम भाषेचा आहे की ती कुठे शिकलो याचा? कॅथरीन हॅरिस यांनी २००३ मध्ये तुर्की माणसांवर प्रयोग केला. ही माणसं इंग्रजी उशिरा शिकलेली. शिव्या आणि लहानपणी बसलेली बोलणी, ‘लाज नाही वाटत?’ छापाची, दोन्ही भाषांत ऐकवली आणि बोटांवरचा घाम मोजला. बोलणी तुर्कीत जास्त लागली. पण पुढे, लहानपणापासून स्पॅनिश आणि इंग्रजी दोन्ही बोलणाऱ्या माणसांत तसा फरक आढळला नाही. तुझं इंग्रजी मेडिकल कॉलेजातलं, म्हणून ते तुला कोरडं. ज्या मुलाला आईनं इंग्रजीतूनच रागावलंय, त्याला ते भाजणार.

मामा : मान्य. आता माझं ऐक. माझ्या पेशंटांपैकी कितीक जण कधी इंग्रजी शाळेत गेले नव्हते, पण वडील वारले की फोनवर म्हणायचे, ‘पप्पा एक्स्पायर झाले.’ रात्री दोनपर्यंत खाटेपाशी ‘बाबा, बाबा’ म्हणणारा मुलगा पहाटे पाचला काउंटरवर विचारायचा, ‘बॉडी कधी ताब्यात मिळेल?’ तीन तासांत बाबांची बॉडी झाली. तू वर्गात याला काय म्हणशील ते म्हण. मी त्याला दया म्हणतो. त्या माणसाला अजून दाखला काढायचाय, गाडी सांगायचीय, गावी निरोप धाडायचाय. ‘बाबा’ या शब्दानं ही कामं होत नाहीत.

(इथे मी मामांच्या बाजूचा. लांबचा शब्द दिसला की त्यात लबाडी शोधायची आपल्याला सवय लागली आहे. त्या पहाटे त्या मुलाला मातृभाषेच्या अभिमानावर कोणी दोन शब्द सुनावायला गेलं, तर मी त्याला दाराबाहेर काढीन.)

भाची : पण मग ‘कॅन्सर’चं काय करशील? तोही इंग्रजीच. आणि तोच सगळ्यात जास्त लागतो. ‘कर्करोग’ म्हटलं तर कोणी दचकत नाही, तो शब्द पोस्टरवरचा वाटतो. म्हणजे इथे परका शब्द जवळचा आणि आपला शब्द लांबचा. तुझी परभाषा-मायबोली ही विभागणी इथेच मोडते. आणखी पुढे जाऊ? पंचनामा वाच. ‘सदर इसम मयत अवस्थेत मिळून आला.’ मराठी आहे ना? शेतकऱ्यानं जीव दिला की आपल्याकडे समिती बसते आणि ठरवते, मदतीसाठी ही आत्महत्या ‘पात्र’ की ‘अपात्र’. कर्ज, नापिकी, वसुलीचा तगादा हे कागदावर सिद्ध झालं तर पात्र, घरच्यांना एक लाख. नाही झालं तर अपात्र. ‘अपात्र आत्महत्या’! कुठल्याही परभाषेला यावर मात करता येणार नाही. यात परकी भाषा कुठेय? कारकून मराठी, समिती मराठी, मेलेला मराठी.

मामा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, हे मराठी नव्हे असं म्हणायचा मोह होतोय, पण म्हणत नाही. एवढंच म्हणतो की मराठ्या अनेक आहेत. आणि अंतर शब्दांपेक्षा वाक्याच्या घडणीत असतं. ‘कळविण्यात येते’ घे. कोण कळवतंय? कोणीच नाही. आपोआप कळवलं जातंय, पाऊस पडतो तसं.

भाची : आता तू माझ्या विषयात आलास. याकोव ट्रोप आणि निरा लिबरमन यांचा सिद्धांत आहे, त्यांनी २०१० मध्ये सविस्तर मांडला. काळाचं अंतर, जागेचं, नात्याचं, आणि एखादी गोष्ट खरी की नुसती शक्य याचं, ही चारही मनात एकाच मापानं मोजली जातात. जे लांब, ते ढोबळ दिसतं. जे जवळ, त्याचे बारकावे दिसतात. आणि उलटही होतं : ढोबळ बोललं की लांब वाटतं. ‘मयत इसम’ ढोबळ आहे. ‘उजव्या पायातली चप्पल तुटलेली’ हे बारीक आहे.

मामा : त्यासाठी इस्राएल-अमेरिकेला कशाला जायचं? माझी आजी नवऱ्याचं नाव घ्यायची नाही. ‘इकडून सांगणं झालं होतं,’ म्हणायची. जागेचा शब्द नात्याला लावला. आणि बारकावा बघ : ‘इकडून’ म्हणजे अगदी जवळून, माझ्या बाजूनं. पण पुढे ‘सांगितलं’ नाही, ‘सांगणं झालं’. शब्द जवळचा, व्याकरण लांबचं. आजोबा एकाच वाक्यात कुशीतही आणि ओसरीवरही. आणि तुझं ते शक्यतेचं अंतर, त्याला आपल्याकडे ‘म्हणे’ आहे. ‘त्याची जमीन गेली म्हणे.’ शेवटी ‘म्हणे’ लावलं की बातमी माझी राहिली नाही, मी नुसता टपालवाला.

भाची : आणि काळाचं? काळाच्या बाबतीत तुझी मराठी सरळ धादांत खोटं बोलते. जेवायला हाक मारली की तू अजून वर्तमानपत्रात असतोस आणि म्हणतोस, ‘आलोच!’ भूतकाळ. आलास कुठे?

मामा : जवळचा भविष्यकाळ इतका जवळ ओढायचा की तो होऊन गेला.

भाची : सुंदर वाटतं ना ऐकायला? म्हणूनच मला भीती वाटते. असल्याच सुंदर कल्पनेवर २०१३ मध्ये कीथ चेन या अर्थशास्त्रज्ञाचा शोधनिबंध गाजला. ज्या भाषांत भविष्यकाळ व्याकरणानं वेगळा दाखवावा लागत नाही, ते बोलणाऱ्यांना उद्या आजच्याइतकाच जवळ वाटतो, म्हणून ती माणसं जास्त बचत करतात. एखाद्या वर्षात बचत केलेली असण्याची शक्यता ३१ टक्के जास्त. जगभर गवगवा. मग २०१५ मध्ये शॉन रॉबर्ट्स आणि जेम्स विंटर्स यांनी, स्वतः चेन यांनाच सोबत घेऊन, पुन्हा हिशेब केला. भाषा एकमेकींच्या बहिणी-भावंडं असतात, शेजारी असतात, सवयी एकत्र वारशानं येतात. हे धरल्यावर तो संबंध पार पातळ झाला. मराठीला ‘जाईन, करीन’ असा ठसठशीत भविष्यकाळ आहे. म्हणून मराठी माणसानं भिशी लावली नाही, की सोनं घेतलं नाही, की पॉलिसी काढली नाही?

मामा : पॉलिसी तर मी काढल्यात. त्याही एका भाच्याच्या आग्रहाखातर.

भाची : म्हणून मी म्हणते, आधी नातं, सत्ता, सवय. भाषा मागून येते आणि त्यांचे कपडे घालते. तुमच्याच वॉर्डातलं सांगते. सफाई करणाऱ्या बाई ‘मावशी’, स्ट्रेचर ढकलणारे ‘मामा’, नर्स ‘सिस्टर’. नाती काय कमी आहेत? आईच्या बहिणीपेक्षा जवळचं कोण? पण वीस वर्षं मावशी म्हणणाऱ्या किती डॉक्टरांनी मावशींच्या घरचं पाणी प्यायलंय? शब्दानं जवळ आणलं असतं तर एव्हाना आपली सरकारी रुग्णालयं म्हणजे एकत्र कुटुंबं झाली असती.

मामा : मावशींना ‘मावशी’ म्हटल्यामुळे पेशंट मात्र त्यांच्याशी बोलतो, हे तुला दिसत नाही. राउंड संपला, आम्ही गेलो, की नातेवाईक मावशींना गाठतात : ‘डॉक्टर काय म्हणाले हो?’ त्या शब्दानं डॉक्टरला काही केलं नसेल. पेशंटला केलं.

याला भाचीकडे उत्तर नव्हतं, आणि ते असावं असं मलाही वाटत नाही. पण ती ज्यासाठी आली होती ते अजून बाहेर पडायचं होतं.

भाची : आता तुझ्या ‘आपण’कडे येते. मराठीकडे एक गोष्ट आहे जी हिंदीच्या रोजच्या ‘हम’मध्ये नाही. ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’, त्याला वगळून ‘आम्ही’. दाराच्या आत कोण आणि बाहेर कोण, हे दर वाक्याला सांगावंच लागतं. तू कन्सल्टिंगमध्ये काय म्हणायचास? ‘आपण एक छोटं ऑपरेशन करून घेऊ.’ पोट त्याचं, पैसे त्याचे, भीती त्याची. आपण कोण?

मामा : धीर देण्यासाठी. एकटा नाहीस, मी आहे.

भाची : असेल. आणि काही बिघडलं तर आयसीयूच्या दाराशी येऊन काय म्हणायचास?

मामा : ...

भाची : ‘आम्ही आमच्या परीनं सगळे प्रयत्न केले.’ सकाळी ‘आपण’, रात्री ‘आम्ही’. कोणीही डॉक्टर घे. मुद्दाम करत नाहीत, माहीत आहे मला. पण व्याकरणानं दार लावलं, आणि बाहेर उभ्या असलेल्या माणसाला ते ऐकू आलं.

मामा : पण मग हा तर माझाच मुद्दा झाला! भाषेनं अंतर पाडलं.

भाची : नाही. तुला दोन्ही शब्द वापरता आले, त्याला एकही नाही, हा मुद्दा आहे. त्यानं कधी तुला म्हटलं, ‘डॉक्टर, आपण उद्या ऑपरेशन नको करू या’? म्हणू शकतो, व्याकरणाची हरकत नाही. म्हणत नाही. आणि ‘आपण’ हा शब्द स्वतः काही ठरवत नाही बघ. ‘आपण बसू’ म्हटलं की तू नि मी एका बाकावर. ‘आपण बसावं’ म्हटलं की समोरचा थेट गादीवर, आणि मी खाली हात जोडून. आणि दादरच्या नाक्यावर ‘आपण नाय घाबरत कोणाला’ म्हणणारा फक्त स्वतःबद्दल बोलतोय. मी, तू, आपण दोघं, सगळी अंतरं एकाच शब्दात. अंतर शब्दात असतं तर हे जमलं असतं?

मामा : शब्दात नसेल, वापरात असेल. पण वापर म्हणजेच भाषा ना? तू भाषा म्हणजे शब्दकोश समजतेस, मी म्हणजे तोंड. बरं, मला एक सांग. फार कठीण निरोप सांगायचा असला की मी खोलीबाहेर उभा राहून स्वतःलाच हाक मारायचो. ‘डॉक्टर, चला.’ त्यात दुसरं कोणी नव्हतं. सत्ता नाही, नातं नाही. तिथे काय होत होतं?

भाची : यावर ईथन क्रॉस यांचं २०१४ मधलं काम आहे. ताणाच्या प्रसंगाआधी ‘मी’ऐवजी स्वतःच्या नावानं मनाशी बोलणाऱ्यांना तो प्रसंग कमी जड गेला. स्वतःकडे दुसऱ्यासारखं बघता येतं.

मामा : मग? आमच्या संतांनी तर अभंगाच्या शेवटी स्वतःलाच तिऱ्हाईत करून टाकलं. ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’, ‘जनी म्हणे’.

(मामा, ही ओढाताण आहे. नाममुद्रा ही अभंग कोणाचा हे सांगणारी सही होती. तिला ताणावरचा उपाय करायला नको. मात्र एवढं खरं की ‘मी’ न म्हणता आतलं सांगण्याचं वळण मराठीच्या कानाला अनेक शतकं ओळखीचं आहे, आणि दार उघडण्याआधी ‘डॉक्टर, चला’ म्हणणाऱ्याला त्याचं नवल वाटलं नाही.)

भाची : हे मी देते तुला. स्वतःशी बोलताना भाषा खरंच काहीतरी करते. पण बघ, तिथे दोन्ही टोकांना तूच होतास. हातमोजा घालणारा तू, आणि आतला हातही तुझा. वॉर्डात हातमोजा तुझा आणि अंग दुसऱ्याचं.

मामा उठले आणि कपाटातून एक जुनं छापील संमतिपत्र घेऊन आले.

मामा : हे वाच. मीच एकदा नर्सिंग होमसाठी छापून घेतलं होतं.

भाची : ‘सदर शस्त्रक्रियेचे स्वरूप, संभाव्य धोके व पर्याय मला समजेल अशा भाषेत समजावून सांगण्यात आलेले आहेत.’ ...मामा, ‘मला समजेल अशा भाषेत’ हे या भाषेत?

मामा : खाली सही. नाहीतर अंगठा.

भाची : तूच दुरुस्त कर ना मग. भाषा अंतर पाडते म्हणतोस, तर ते इथे कमी करून दाखव.

मामा : ‘डॉक्टरांनी मला सगळं समजावून सांगितलं.’

भाची : सांगणारा आला, बरं झालं. पण ‘सगळं’ म्हणजे काय? शिवाय हे वाक्यही तूच लिहून देतोयस. सही करणाऱ्याच्या तोंडी तुझा ‘मला’.

मामा : मग असं. ‘मला जे कळलं ते असं’, आणि खाली चार मोकळ्या ओळी. पेशंटनं आपल्या शब्दांत लिहायचं. ‘पोटात गाठ आहे. ती काढणार. कदाचित पुन्हा होईल.’ एवढं आलं तरी पुरे.

भाची : ज्याला लिहिता येत नाही?

मामा : त्यानं बोलायचं, दुसऱ्यानं लिहून घ्यायचं.

भाची : कोणी? तू लिहून घेतलंस तर ‘गाठ’चं ‘मास’ होईल आणि ‘कदाचित पुन्हा होईल’चं ‘रिकरन्स एक्सप्लेन्ड’.

मामा : मावशींनी घ्यावं लिहून. त्यांना तसंही सगळे तेच विचारतात.

भाची : तुमच्या इस्पितळाचा वकील चालवून घेईल?

मामा : त्याला ‘सदर’ लागेल कुठेतरी.

भाची : मग ‘सदर’ वकिलाच्या ओळीत घाल, वेगळी. या चार ओळींत नको.

मामा : आणि सर्जन म्हणेल, ओपीडीत साठ माणसं बसलीत, चार ओळींना वेळ कुठून आणू?

भाची : हे बघ, हे भाषेचं उत्तर नव्हे.

मामा : नव्हेच. पेन दे. ‘कदाचित पुन्हा होईल’ हे पेशंट आपणहून लिहील असं तुला वाटतं?

भाची : नाही लिहिणार. ते त्याला दोनदा सांगावं लागेल. आणि तेव्हा ‘आपण’ म्हणायचं नाही.